अप्पांचा काळा-पांढरा फ्लेक्स

माणसाचा सत्कार करायचा म्हणजे शाल, नारळ, गुच्छ आणि दोन भाषणं, एवढ्यात भागतं असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा मुरुमला जाऊन धम्मपाल सरांना भेटावं. सर स्वतःहून काही बोलणार नाहीत. पण 'सत्कार' हा शब्द कानावर पडला की ते अजून चष्मा काढून पुसायला लागतात, एवढं तुम्हाला नक्की दिसेल.

सर हायस्कुलात चित्रकला शिकवतात. चित्रकलेच्या मास्तराला शाळेत काय मान असतो ते सांगायला नको. गणिताचा अभ्यासक्रम मागं पडला की पहिला तास त्याचा जातो. स्नेहसंमेलनाचा पडदा, सव्वीस जानेवारीची रांगोळी आणि हेडमास्तरांच्या घरच्या लग्नात थर्माकोलवर नवरा-नवरीची नावं, ही कामं तेवढी हक्कानं त्याची. त्यामुळं 'कलेची कदर' ह्या विषयावर सर आधीच जरा हळवे होते. त्यात यंदा दसरा झाला आणि महांतप्पांनी आपला ज्योती फोटो स्टुडिओ कायमचा बंद केला. कुणाला त्याचं काही वाटलं नाही. शटर खाली आलं, त्याच्यापुढं दुसऱ्या दिवशी एक भेळेचा गाडा उभा राहिला, संपलं.

फोटोग्राफरचं हे असंच आहे बघा. ज्या लग्नात तो नसतो ते लग्न झालं असं कुणी धरत नाही, आणि ज्या लग्नात तो असतो तिथं तो होता हे कुणाला आठवत नाही. सगळ्यांच्या अल्बममध्ये सगळे असतात, हा सोडून. जेवायला सगळ्यांत शेवटी, तेही उभ्यानं, आणि त्यातही कुणीतरी येऊन म्हणणार, "चला चला, मामा गावाला निघालेत, एक फोटो घ्या."

महांतप्पांनी, म्हणजे अप्पांनी, अशी पन्नासएक वर्षं काढली. सायकलच्या कॅरियरला गोधडीत गुंडाळलेला कॅमेरा बांधून ते कुठंकुठं जायचे. एखाद्या घरी म्हातारं माणूस जायचं, जिवंतपणीचा एकही फोटो नसायचा, मग अप्पांना बोलावणं. रडणाऱ्यांना हळूच बाजूला करून, गेलेल्याचा पटका नीट करून अप्पा फोटो घ्यायचे. डोळे अर्थातच मिटलेले. पण चार-सहा दिवसांनी घरच्यांच्या हातात पडायचा तो उघड्या डोळ्यांचा फोटो. बारीक ब्रशनं डोळे काढलेले असायचे, आणि ते त्याच माणसाचे असायचे. "आमचा बा अस्साच बघायचा की," म्हणून घर नव्यानं रडायचं. सर म्हणायचे, ही कला जे. जे. मध्ये शिकवत नाहीत. ते स्वतः जे. जे. मध्ये गेले नव्हते, पण मुद्दा बरोबर होता.

आणि सरांचं स्वतःचं एक देणं होतं. त्यांच्या बैठकीत त्यांच्या आईचा, केशरबाईंचा, फोटो आहे. आई गेली तेव्हा सर दुसरीत होते. आईचा जगात हा एवढाच फोटो. त्या काळचे फोटो तुम्ही पाहिले असतील. गुडघ्यांवर हात ठेवून सगळे पोलिसांनी धरून आणल्यासारखे बसलेले. केशरबाई मात्र हसतायत. नुसत्या गालात नव्हे, दात दिसतील असं. कॅमेऱ्याकडं न बघता जरा बाजूला, खाली कुठंतरी बघतायत, आणि एक हात वर उचलतानाच हलल्यासारखा पुसट आलाय. ह्या पुसट हातावर सर दहावीच्या मुलांना एक आख्खा तास घेत. 'स्थिर चित्रातील गती' हा विषय. अप्पांनी तो हात मुद्दाम पुसट ठेवलाय, असं ते छातीठोकपणे सांगत.

पण आई बघत कुठं होती, हे काही त्यांना कळलं नव्हतं. लहानपणी त्यांनी वडलांना, आबारावांना, विचारलं होतं. "मला काय ठावं? म्या भायेर सायकलीपाशी हुतो," एवढंच उत्तर मिळालं. आता फोटो जिथं टांगलाय तिथून आईची नजर थेट कोपऱ्यातल्या चपलांच्या स्टँडवर पडते. सरांची बायको श्रावस्ती आरोग्य केंद्रात नर्स आहे आणि जिभेनं तिखट आहे. "सासूबाई माझ्या चपलांना हसतायत," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. सरांना ते आवडत नाही. पण स्टँडला घरात दुसरी जागाही नव्हती.

तर सर अप्पांच्या घरी गेले. अप्पा ओट्यावर बसले होते. मागं काचेच्या कपाटात तो जुना, लाकडी, तिपाईवरचा कॅमेरा, आणि त्याच्या भिंगावर पावडरच्या डब्याचं गुलाबी झाकण बसवलेलं.

"अप्पा, असल्या कॅमेऱ्याला हे झाकण?" सर हळहळले.

"खरं टोपण गेलं," अप्पा म्हणाले. "लई वर्सं झाली. त्या कॅमेऱ्याला बटन नसतंय सर. टोपण काढायचं, एक दोन म्हनायचं, टोपण लावायचं. झाला फोटू. टोपण गेलं तवा पावडरीचं झाकण लावलं, ते बसलं. आजून हाय."

सरांनी मग सत्काराचं काढलं. वाचनालयाचा हॉल, रविवार, अप्पांनी काढलेल्या फोटोंचं प्रदर्शन, भाषणं. अप्पांनी मान हलवली. "नको."

"का पण?"

"मला हाराचा वास सोसत न्हाय."

"हार नाही घालणार. शालच."

"उकडतंय."

तेवढ्यात आतून अप्पांच्या बायकोनं, शरणाक्कांनी, चहा आणून ठेवला. सरांनी कपाकडं बघितलं, अक्कांकडं बघितलं नाही. ही गोष्ट इथंच सांगून ठेवलेली बरी.

अक्का आत गेल्यावर अप्पा हळू आवाजात म्हणाले, "म्या एकटा काय यायचा न्हाय सर."

"एकटे कशाला? सहकुटुंब या! गाडी पाठवतो की."

"तसं न्हवं..." अप्पा बोलायला लागले, तोच आत स्वयंपाकघरात एक पातेलं जरा जास्तच जोरात आपटलं. अप्पांनी आतल्या दाराकडं बघितलं, सुस्कारा टाकला, आणि ते म्हणाले, "बघू." मराठवाड्यात 'बघू'चा अर्थ काहीही होतो. सरांनी 'हो' घेतला.

पुढचे आठ-दहा दिवस सर फोटो गोळा करत हिंडले. एकानंही दिला नाही. जळकोटच्या हरिबांनी चहा पाजला, कांदेपोहे खाऊ घातले, आणि भिंतीवरच्या आईवडलांकडं बोट करून म्हणाले, "सर, मानूस एकदा भितीवर गेलं की पुन्ना खाली काढायचं नसतंय." माकणीच्या धुरपदाबाई तर फोटो दाखवायलाही तयार नव्हत्या. पेटीत होता, आणि पेटीची किल्ली पोटाशी. "बाप्याला दावायसाठी काढला न्हवता त्यो," असं म्हणून त्यांनी दारच लावून घेतलं. प्रदर्शनाला म्हणून सरांच्या हातात शेवटी एकच फोटो उरला, स्वतःच्या आईचा.

मग राहिला फ्लेक्स. इथं बंडप्पांची गाठ घालून द्यायला हवी. बंडप्पा सरांचे शेजारी, वीज खात्यातून निवृत्त, आणि गावातल्या प्रत्येक फ्लेक्सवर शुभेच्छुकांच्या रांगेत काळा गॉगल घालून हजर असणारे गृहस्थ. त्यांनी आल्या आल्या विचारलं, "सर, माझा फोटू उजव्या आंगाला घ्यायलाव का डाव्या?"

"कुणाचेच फोटो नाहीत, बंडप्पा. फक्त अप्पा. आणि रंग नाहीत. कृष्णधवल."

"म्हंजे काळा-पांढरा?" बंडप्पांनी गॉगल काढला. "सर, ऐका माझं. फ्लेक्सला रंग पायजे. फुगं पायजेत. मागं वाघ न्हायतर गुलाब पायजे. काळा-पांढरा बरा दिसत न्हाय."

"अप्पांनी सगळी कारकीर्द कृष्णधवलमध्ये केली. हा कलेचा प्रश्न आहे."

"कलेचं मला काय कळत न्हाय, पन चौकाचं कळतंय," असं म्हणून बंडप्पा रागानं निघून गेले, आणि चहाही अर्धा टाकून गेले. बंडप्पांनी चहा टाकणं ही साधी गोष्ट नव्हती. सरांनी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

अप्पांचा स्वतःचा एकही फोटो अप्पांकडं नव्हता. म्हणून सरांनी एका दुपारी, अप्पा ओट्यावर मान खाली घालून बसले असताना, मोबाइलवर गुपचूप फोटो काढला. डोळे जवळजवळ मिटलेले. सरांना ते ध्यान वाटलं. अप्पा डुलकी काढत होते. रंग काढून टाकला, मागं मऊ राखाडी छटा दिली, खाली सुरेख अक्षरात 'महांतप्पा', त्याखाली स्टुडिओची वर्षं, '१९७१ – २०२४', आणि शेवटी एकच शब्द, 'कृतज्ञता'. कार्यक्रमाची तारीख-वेळ टाकली तर जाहिरात होते, म्हणून टाकली नाही. आता तुम्ही म्हणाल, एवढ्या शिकलेल्या माणसाला कळू नये? पण शिकलेल्या माणसाला एकदा सुबक दिसायला लागलं की पुढचं दिसत नाही.

परवानगीच्या खिडकीशी कारकुनानं आधी नेहमीसारखं तोंड वाकडं केलं. "चौकात जागा न्हाय. कशाचा हाय? वाढदिवस? निवड?" सरांनी न बोलता मोबाइल पुढं केला. कारकुनानं फोटो पाहिला आणि तो चक्क खुर्चीवरून उठला. हात जोडले. "लावा सर, लावा. ह्याला कोन आडवनार? माझ्या लग्नाचे फोटू त्यांनीच काढलेले." सर बाहेर आले ते अंतराळी चालत. सरकारी कचेरीत माणूस कलेसाठी उठून उभा राहिला! फ्लेक्स छापणाऱ्यानं तर सरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "चांगलं मानूस हुतं." त्यातलं 'हुतं' सरांना खटकलं, पण व्याकरणाकडं लक्ष द्यायचा तो दिवस नव्हता.

संध्याकाळी फ्लेक्स चौकात चढला. सरांनी त्याचा फोटो शाळेच्या ग्रुपवर टाकला, माजी विद्यार्थ्यांच्या टाकला, नातेवाइकांच्या टाकला. भराभरा जोडलेले हात यायला लागले. हेडमास्तरांनीही हात जोडले, ज्यांनी सरांच्या एकाही चित्राला आजवर अंगठा दाखवला नव्हता. सर त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त जेवून झोपले.

सकाळी श्रावस्तीचा फोन आला, आरोग्य केंद्रातून. "अहो, अप्पा गेले म्हणतायत. सगळ्या बायका इथं हळहळायल्यात."

सरांच्या हातातला ब्रश गळून पडला. ह्या रविवारी सत्कार, आणि अप्पा गेले! सगळं राहून गेलं. आईच्या फोटोबद्दल दोन शब्द बोलायचे होते; समोर बसवून, माईकवरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं. चाळीस वर्षं ते एक वाक्य सरांनी जपून ठेवलं होतं, आणि आता ते ऐकायला माणूसच नाही. सर तसेच निघाले, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. चौकात आले तर दुकानांची शटरं अर्धी खाली. फ्लेक्सला तीन हार, खाली उदबत्ती, आणि एक केळ. सर फ्लेक्सपुढं उभे राहिले आणि लहान मुलासारखे रडले. परवानगीच्या खिडकीवाला कारकून तिथंच होता. त्यानं पाठीवर हात फिरवला. "तुमी बरीक वेळेवर फ्लेक्स लावला सर. कवा गेले तेवडं सांगा, लोकं इचारायलेत."

"मला आत्ताच कळलं," सर हुंदका आवरत म्हणाले.

"आत्ता? मग फ्लेक्स काल कसा लावलाव?"

सरांनी वर बघितलं. राखाडी छटा. मिटलेले डोळे. १९७१, आडवी रेघ, २०२४. एकेक करून सगळे जोडलेले हात त्यांना आठवले, हेडमास्तरांचेसुद्धा.

अप्पांच्या घरी तोवर कार्यक्रम रंगात आला होता. सगळ्यांत आधी हरिबा पोचले होते, जळकोटहून पहिल्या गाडीनं, हार घेऊन. अप्पा ओट्यावर दात घासत होते. हरिबांनी हार पाठीमागं लपवला आणि गोंधळून विचारलं, "अप्पा, कवा झालं?"

"काय?"

"आपलं हे... तुमचं."

त्यानंतर भजनी मंडळ आलं. पेटी, तबला, सगळं घेऊन. परत कसं जायचं म्हणून बसून राहिलं, तेव्हा अप्पांनी हात जोडून नमस्कार घातला, "शरणु शरणार्थी. आलाव तर म्हना की एखादं." दुःखाच्या घरी चूल पेटवत नाहीत म्हणून शेजारच्या चार घरांतून पिठलं-भाकरी आली होती. सर धापा टाकत अंगणात शिरले तेव्हा अप्पा आपल्याच नावाचा तो कडू घास आवडीनं खात होते.

"या सर, बसा," ते म्हणाले. "पिठलं झ्याक झालंय. जित्तेपनी कुनी आनून दिलं न्हवतं."

बाकीचे मात्र एवढे मोकळ्या मनाचे नव्हते. "मास्तर हाव का कोन हाव?" "जित्त्या मानसाला हार घालायला लावलाव!" "माझी आर्धी रजा गेली!" सर कोपऱ्यात उभे राहून सगळं ऐकत होते, कान लाल, नजर दोन वेगळ्या चपलांवर. बंडप्पा सगळ्यांत पुढं. "म्या म्हनलं हुतं. म्या सोता म्हनलं हुतं. फुगं पायजेत. विचारा ह्यांना." विचारायची कुणाला गरज नव्हती.

असा गलका चालू असताना दारात एक म्हातारी उभी राहिली. माकणीच्या धुरपदाबाई. त्यांना वाटेत कुणी काही सांगितलं नसावं. डोक्यावर पदर, काखेत फडक्यात बांधलेलं काहीतरी. ओट्यावर बसून भाकरी खाणाऱ्या अप्पांना त्यांनी ओलांडलं. अक्षरशः ओलांडलं, त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. थेट आत गेल्या, दाराशी उभ्या असलेल्या शरणाक्कांच्या गळ्यात पडल्या आणि मोठ्यानं रडायला लागल्या.

"धुरपदे, अगं गप. गेले न्हायत ते. त्ये बघ, पिठलं खायालेत."

धुरपदाबाईंनी वळून बघितलं. डोळे पुसले. "बरं झालं," म्हणाल्या, "पन म्या त्यांच्यासाठी न्हवते आले. म्या तुज्यासाठी आले. म्हनलं, आता तू एकली." आणि त्यांनी फडकं सोडलं. आत फोटो. सोळा-सतरा वर्षांची एक मुलगी, नऊवारीतली, नाकात नथ, पायाशी फिरकीचा तांब्या; हनुवटी वर करून बघणारी, कुणाच्या बापाला न भिणारी.

"केवढा ऐटीत काढलाय अप्पांनी," हरिबा म्हणाले.

धुरपदाबाई एकदम फणकारल्या. "अप्पांनी? म्या त्या वक्ती सासऱ्याला तोंड दावत न्हवते, आन् परक्या बाप्यापुढं आशी बसले आसते व्हय? हिनं काढलाय ह्यो. दार लावून. पडद्यामागं काळ्या कापडात डोस्कं घालून हीच आसायची. सगळ्या बायांचे हिनंच काढलेत. बापे भायेर, सायकलीपाशी."

दाराशी जमलेल्या बायका पुढं सरकल्या. मग दुसरी एक म्हणाली, "माझा बी अक्कांनीच." तिसरी म्हणाली, "माज्या आईचा बी." ज्या बायका सरांना फोटो दाखवायला तयार नव्हत्या, त्या पदराखालून, पिशवीतून फोटो काढायला लागल्या. अक्कांना भेटायला येताना सोबत आणले होते. बाळंतिणी, नव्या सुना, दोघी जावा एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून. सगळ्याच्या सगळ्या मोकळ्या, कुणी कुणाला घाबरत नसल्यासारख्या. आणि प्रत्येक फोटोच्या पाठीवर स्टुडिओचा जांभळा शिक्का: प्रो. महांतप्पा.

"आन् डोळं?" अप्पांनी हात धुवत सरांना विचारलं. "गेलेल्या मानसांचे डोळं, ज्याच्यावर तुमी भाषन करनार हुते? माजा हात पयल्यापासून कापतोय, ब्रश धरवत न्हाय. ती बी हीच काढायची. म्या मडं बघून यायचो, आन् ही त्यांच्या घरच्यांचे डोळं बघून यायची. लेकाचे, नातवाचे. म्हून जुळायचे ते."

"मग मला सांगितलं का नाही तुम्ही?"

"सांगत हुतो की. पातेलं आपटलं हिनं."

अक्का पदर सावरत म्हणाल्या, "आता ह्या वयात शाली पांघरून काय करायच्या? आन् तसं कुनी विचारलंच न्हाय कधी."

सर दरवर्षी आठ मार्चला शाळेत स्त्रियांच्या योगदानावर भाषण करतात. चांगलं करतात, पाठ असल्यासारखं. त्यांना त्या घटकेला ते सगळं भाषण शब्दाशब्दानं आठवलं आणि नको झालं. अक्कांच्या हातचा चहा त्यांनी आजवर किती वेळा प्यायला होता, आणि तो हात एकदाही पाहिला नव्हता. पण त्याहून मोठी एक गोष्ट त्यांच्या मनात उठून उभी राहिली होती. त्यांनी मोबाइल काढला, आईचा फोटो उघडला आणि अक्कांपुढं धरला.

"अक्का, हा?"

अक्कांनी मोबाइल लांब धरला, जवळ धरला. मग त्यांचा चेहरा असा काही फुलला की सगळ्या बायका वाकून बघायला लागल्या.

"केशर!" त्या म्हणाल्या. "आरं, म्हंजे तू केशरचा? ते वांड पोरगं तू?"

"मी?"

"मग काय! तिला फोटू काढायचाच न्हवता. तुजा काढायला आनलं हुतं तिनं. बाप भायेर हुभा. त्या वक्ताला सगळ्याच उंबऱ्यांवर सगळ्यांना 'या' म्हनत न्हवते, तर ती आपली दारातच घुटमळायली. म्या म्हनलं, ये आत, इथं खुर्ची एकच हाय आन् ती समद्यांचीच हाय. पन तू बसशील तर खरं! कंगवा फेक, पावडर सांड, खुर्चीखाली शिर. कॅमेऱ्यात काचेची प्लेट घालून ठिवलेली, वाया जायाली. म्या म्हनलं, केशर, आता तूच बस बाई. ती बसली लाजत. तू इकडं माज्या पायाशी, टोपनाला हात पुरतोय का बघायलास, उड्या मारायलास, आन् ती तुज्याकडं बघून जी हसायली... म्या म्हनलं ह्येच पायजे, आन् टोपन काढलं. तू हातातनं हिसकावलंस! तिनं हात वर केला, 'ए बाळा, देऊन टाक' म्हनून. टोपनच न्हाय तर लावू काय? म्या तळहात ठिवला भिंगावर. तवर तू पळालास मागल्या दारी आन् टाकलंस आडात."

"आडात?"

"दन्नकन. ह्यांनी गडी उतरवला, घावलं न्हाय. तवापासून पावडरीचं झाकण हाय."

अप्पांचं टोपण घालवणारा चोर इतक्या वर्षांनी असा आयता हातात सापडलेला बघून सगळं अंगण हसायला लागलं. हरिबांनी तर लपवलेला हार बाहेर काढला आणि कुणाला घालावा ते न कळून अक्कांच्या हातात दिला. सरांना हसूही येत होतं आणि दुसरंही काही येत होतं. 'स्थिर चित्रातील गती'. दहा-बारा वर्षं ते मुलांना शिकवत होते, आणि ती गती आईची होती, पोराला आवरायला निघालेली.

संध्याकाळी चौकातला फ्लेक्स उतरला. बंडप्पांनी नव्याचा ताबा घेतला. आता त्यांना कोण अडवणार? रविवारचा कार्यक्रम होणार होता, पण स्टेजवर दोन खुर्च्या लावायच्या होत्या, आणि प्रदर्शनाला हॉल पुरणार नाही एवढे फोटो बायकांनी स्वतः आणून दिले होते. अक्का अजून 'बघू' म्हणत होत्या. ह्या वेळी मात्र पातेलं अप्पांनी आपटलं.

सर घरी आले. बैठकीत उभे राहून बराच वेळ आईकडं बघितलं. मग कोपऱ्यातला चपलांचा स्टँड त्यांनी उचलला, चपला सांडल्या तरी तसाच ओढत बाहेर व्हरांड्यात नेऊन ठेवला, आणि परत येऊन त्या मोकळ्या जागी फरशीवर मांडी घालून बसले. मान वर केली. आता आई त्यांच्याकडं बघून हसत होती, हात वर करून, तसंच. श्रावस्ती आतून काहीतरी बोलायला म्हणून आली, तिनं फोटोकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा काहीही न बोलता आत गेली.

तेवढ्यात बंडप्पा दारात आले. हातात नव्या फ्लेक्सचा नमुना: अप्पा आणि अक्का, चौफेर गुलाब, वर फुगे, आणि उजव्या अंगाला गॉगलवाले बंडप्पा. त्यांनी चपला काढल्या, हातात घेतल्या, सवयीनं कोपऱ्याकडं वळले आणि थबकले.

"सर, चपला कुठं ठिवायच्या?"

"बाहेर ठेवा, बंडप्पा," सर म्हणाले. "ही जागा माझी आहे."